शेरा तपासायचा कोणी?

यंत्रावर काम करणाऱ्या कायम कामगाराचा पगार किती वाढणार, हे मोठ्या कारखान्यांत बहुधा करारात ठरते. युनियनचे पदाधिकारी आणि व्यवस्थापन समोरासमोर बसतात, महिनोन्‌महिने बोलणी चालतात आणि सह्या झाल्या की वाढ सगळ्यांना मिळते. दुसऱ्या टोकाचा वरिष्ठ अधिकारी आपला सौदा आपणच करतो. त्याच्या अनुभवाला बाजारात भाव असतो आणि तो त्याला ठाऊकही असतो. या दोघांच्या मधल्या जागेत शिफ्ट इन्चार्ज असतो, असिस्टंट मॅनेजर असतो, ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागून नुकतीच कायम झालेली मुलगी असते. नावापुढे ‘मॅनेजर’ लागले की युनियनचे दार बंद होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला वगळले. पर्यवेक्षकाला पगाराची मर्यादा घातली, ती २०१० च्या दुरुस्तीनंतर महिना १०,००० रुपये झाली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. आजच्या कनिष्ठ व्यवस्थापकाचा पगार बहुधा या मर्यादेच्या वरच असतो, म्हणजे कराराचे संरक्षण नाही आणि बाजारात वजन पडावे इतका अनुभवही अजून गाठीला नाही. सरकारी बँकेतल्या स्केल वनच्या अधिकाऱ्याला संघटना असते, वेतन करारही लागू होतो. पण बढतीची वेळ आली की तिथेही वार्षिक अहवाल पुढे येतो. मार्चअखेर भरला जाणारा कार्यमूल्यमापनाचा फॉर्म या मधल्या माणसाच्या आयुष्यात किती जागा व्यापतो, हे वरून पाहणाऱ्याला चटकन जाणवत नाही. त्याची पगारवाढ, बदली, बढती आणि कधी कधी नोकरीसुद्धा त्या कागदावर अवलंबून असते.

कंपन्या माणसांचे मूल्यमापन दरवर्षी नेमाने करतात. मूल्यमापनाच्या पद्धतीचे मूल्यमापन मात्र क्वचित होते. झाले तरी बहुतेक वेळा प्रश्न विचारले जातात ते शेरे लिहिणाऱ्यांना आणि एचआर विभागाला: फॉर्म वेळेत भरले गेले का, सॉफ्टवेअर नीट चालले का, श्रेण्यांची टक्केवारी ठरल्याप्रमाणे बसली का. ज्याच्यावर शेरा लिहिला गेला त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर पद्धत कशी दिसते, हा प्रश्न मागे राहतो. हे पुस्तक त्याच जागेवरून लिहिलेले आहे. पद्धत चांगली की वाईट हे ठरवायचे असेल तर तिच्यापुढे ज्याचे काहीच चालत नाही, त्याच्यापासून सुरुवात करावी, अशी माझी धारणा आहे.

या विषयाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीत रॉबर्ट ओवेनने प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी लाकडाचा एक छोटा ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंना काळा, निळा, पिवळा आणि पांढरा असे चार रंग होते. आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे देखरेख करणारा त्यातली एक बाजू समोर करी. काळा सर्वांत वाईट, पांढरा सर्वोत्तम. रोजचे रंग वहीत उतरवले जात. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट मूल्यमापनाचा पहिला प्रयोग म्हणून येते आणि तेवढ्यावरच संपते. मला त्यातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. आपल्याला लावलेला रंग अन्यायाचा आहे असे ज्याला वाटे, त्याला थेट ओवेनकडे दाद मागता येत असे. म्हणजे शेरा आणि शेऱ्याविरुद्ध बोलण्याची वाट, दोन्ही एकाच वेळी जन्माला आली. पुढे पहिल्याची भरभराट झाली, दुसरी मागे पडली.

विसाव्या शतकात हे काम मानसशास्त्रज्ञांच्या हाती आले आणि त्यांना प्रयोगशाळा मिळाली ती सैन्याची. पहिल्या महायुद्धात वॉल्टर डिल स्कॉटने अमेरिकी सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी माणसाची माणसाशी तुलना करणारी मोजपट्टी तयार केली. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने असे अनेक शेरे तपासले, तेव्हा त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. अधिकाऱ्याची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्यायचे असूनही ते एकमेकांशी अवाजवी जुळत होते. वरिष्ठाच्या मनात माणसाबद्दल एक ठसा आधी उमटतो आणि मग तोच ठसा प्रत्येक रकान्यात उतरतो. हा दोष ‘हेलो इफेक्ट’ या नावाने ओळखला जातो. शंभर वर्षांनंतरही ‘संवादकौशल्य’, ‘पुढाकार’ आणि ‘संघभावना’ या तिन्ही रकान्यांत सारखाच आकडा दिसला की थॉर्नडाइकची आठवण होते.

मग दोष दूर करायचा तर फॉर्म सुधारला पाहिजे, असे सगळ्यांना वाटू लागले. १९२२ मध्ये आडव्या रेषेवर खूण करायची आलेखी मोजपट्टी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सक्तीच्या निवडीची पद्धत आली: सारख्याच आकर्षक विधानांतून एक निवडायचे, म्हणजे मेहेरबानी करायला जागा उरत नाही. १९५४ मध्ये जॉन फ्लॅनगनने निर्णायक प्रसंगांची नोंद ठेवण्याचे तंत्र मांडले. १९६३ मध्ये स्मिथ आणि केंडल यांनी परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून आकड्यांना प्रत्यक्ष वागणुकीच्या वर्णनांची जोड दिली, म्हणजे ‘चार’ म्हणजे नेमके काय, हे लिहूनच ठेवले. या सगळ्यात फ्लॅनगनचा मार्ग मला आजही कामाचा वाटतो. एखाद्या शिफ्ट इन्चार्जने रात्रपाळीत कन्व्हेयर बंद पडल्यावर पहिल्या वीस मिनिटांत काय केले, याची दोन ओळींची नोंद वर्षअखेरीच्या विशेषणांपेक्षा पुष्कळ सांगते. पण एकंदर शोध कुठे पोहोचला? १९८० मध्ये लँडी आणि फार या संशोधकांनी साठलेल्या अभ्यासांचा आढावा घेऊन सुचवले की फॉर्मच्या स्वरूपावरचे संशोधन आता थांबवावे. फॉर्म बदलून फारसा फरक पडत नाही, फॉर्म भरणाऱ्याच्या मनात काय चालते ते पाहा. नवीन फॉर्म आला की सगळे ठीक होईल, अशी आशा दर तीन-चार वर्षांनी धरणाऱ्या कंपन्यांपर्यंत हा निष्कर्ष अजून पुरता पोहोचलेला नाही.

दरम्यान दुसरा प्रवाह वेगळ्या उगमातून वाहू लागला होता. पीटर ड्रकरने १९५४ च्या ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन आणि आत्मनियंत्रण यांची जोडी मांडली. गुणांवर शेरे मारण्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीला काय साध्य करायचे ते दोघांनी मिळून ठरवावे आणि माणसाने स्वतःच आपली प्रगती तपासावी, ही त्यामागची कल्पना. आजच्या केआरए आणि केपीआयचे, म्हणजे ठरवून दिलेल्या उद्दिष्टांचे आणि मोजमापाच्या आकड्यांचे, मूळ तिथे आहे. फक्त जोडीतले ‘आत्मनियंत्रण’ वाटेत गळून पडले आणि उद्दिष्टे वरून खाली येऊ लागली. १९५७ मध्ये डग्लस मॅग्रेगरने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिले की, दुसऱ्या माणसाच्या किमतीचा निवाडा करायला चांगले व्यवस्थापक कचरतात, आणि त्यांचा हा संकोच योग्यच आहे. त्यांना देवाच्या भूमिकेत बसवू नका, हाताखालच्या माणसाला स्वतःच्या कामाचे विश्लेषण करू द्या.

याच परंपरेतला १९६५ चा अभ्यास मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये मेयर, के आणि फ्रेंच यांनी प्रत्यक्ष मूल्यमापनाच्या मुलाखतींचा आणि त्यानंतरच्या कामाचा पाठपुरावा केला. कौतुकाने फारसा फरक पडला नाही. टीकेने नुकसान झाले: ज्या बाबींवर जास्त टीका झाली, त्यांत सुधारणा कमी झाली, कारण माणूस बचावाच्या पवित्र्यात गेला. नेमकी उद्दिष्टे दोघांनी मिळून ठरवली तिथे काम सुधारले. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, पगारवाढीचा निर्णय आणि काम सुधारण्याची चर्चा या दोन गोष्टी एकाच बैठकीत करू नयेत. ज्याच्या वाढीचा आकडा अजून पाकिटात आहे, तो आपल्या उणिवा मोकळेपणाने कशाला कबूल करेल? वरिष्ठाला एकाच तासात न्यायाधीशही व्हायचे असते आणि शिक्षकही. साठ वर्षांपूर्वी हे दाखवून दिले गेले, तरी आजही असंख्य कंपन्यांत बैठक एकच असते आणि ती मार्चमध्येच असते.

भारतातली वाट निराळी आहे आणि आपल्याला ती नीट माहीत असायला हवी. आपल्याकडे मूल्यमापन आले ते गोपनीय अहवालाच्या रूपात. सरकारी कचेऱ्यांत ‘सी.आर.’ हा शब्द आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो. अहवाल वरिष्ठाने लिहायचा, त्याच्या वरिष्ठाने त्यावर मत द्यायचे, आणि प्रतिकूल शेरा असेल तेवढाच संबंधिताला कळवायचा. अहवाल चांगला असेल तर कळण्याचे कारण नाही, अशी समजूत होती. ही समजूत मोडली ती सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या एका कार्यकारी अभियंत्याच्या खटल्यात. बढतीसाठी पाचही वर्षे ‘अतिशय चांगला’ हा शेरा लागत होता. १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ लिहिलेले होते आणि ते त्याला कळवलेच नव्हते. बढती हुकली. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये सांगितले की, ज्या शेऱ्यामुळे माणूस बढतीच्या यादीतून बाहेर पडतो तो ‘चांगला’ असला तरी परिणामाने प्रतिकूलच आहे, आणि म्हणून प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, त्याविरुद्ध निवेदन करण्याची संधी दिली पाहिजे. २०१३ मध्ये ‘सुखदेव सिंग’ खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. अखिल भारतीय सेवांसाठी १९७० च्या गोपनीय नोंदींच्या नियमांची जागा २००७ मध्ये कार्यमूल्यमापन अहवालाच्या नियमांनी घेतली होती. २००९ पासून केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांनाही संपूर्ण अहवाल दाखवणे सुरू झाले. ‘देव दत्त’ खटल्याचा निकाल खासगी कंपनीवर बंधनकारक नाही. पण ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ अशी गोड वाटणारी श्रेणी मिळालेल्या आणि तिच्यामुळेच बढतीच्या यादीतून गळलेल्या असिस्टंट मॅनेजरने तो वाचला, तर त्याला आपलीच गोष्ट वाचल्यासारखी वाटेल.

खासगी क्षेत्रातला मोलाचा प्रयोग मुंबईतच रुजलेल्या कंपनीत झाला. १९३८ मध्ये दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत सुरू केलेल्या लार्सन अँड टुब्रोने १९७४-७५ च्या सुमारास अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना आपल्या मूल्यमापन पद्धतीचा अभ्यास करायला बोलावले. विचारणा मूल्यमापनाची होती. दोघांनी व्यवस्थापकांशी बोलून जे सुचवले ते त्याहून बरेच मोठे होते: नुसता फॉर्म बदलून भागणार नाही, आजच्या कामाचे मूल्यमापन आणि उद्याच्या जबाबदारीसाठीची क्षमता यांचा विचार वेगवेगळा करा, वरिष्ठाने हाताखालच्या माणसाशी बसून बोलणे हा पद्धतीचा गाभा माना, आणि प्रशिक्षण, कारकिर्दीची आखणी, संस्थेचा विकास हे सगळे एका धाग्यात ओवा. कंपनीने शिफारशी स्वीकारल्या आणि मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग स्थापन केला. भारतात असा तो पहिला मानला जातो. पुढे सरकारी उपक्रमांत आणि बँकांत ही विचारसरणी पसरली. मला या प्रसंगाचे महत्त्व वाटते ते वेगळ्या कारणासाठी. इथे एका कंपनीने आपल्या माणसांचे नव्हे, आपल्या पद्धतीचे मूल्यमापन करून घेतले, बाहेरच्या तटस्थ डोळ्यांनी, आणि आलेले उत्तर गैरसोयीचे असूनही अमलात आणले. हा आपल्याकडचाच दाखला आहे.

ऐंशीच्या दशकापासून तिसरा प्रवाह दिसतो. त्याने मूल्यमापनाकडे मोजमाप म्हणून पाहणे सोडले आणि माणसांमधला व्यवहार म्हणून पाहायला सुरुवात केली. १९८७ मध्ये लाँगनेकर, सिम्स आणि जिओया यांनी साठ वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. अचूक श्रेणी देणे हा आपला मुख्य हेतू नसतो, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. कोणाला चुचकारायचे असते, कोणाला बाहेरचा रस्ता दाखवायचा असतो, कधी कागदोपत्री डाग लागू नये म्हणून आकडा वाढवला जातो. २००० मध्ये स्कलेन, माउंट आणि गॉफ यांनी हजारो व्यवस्थापकांना अनेकांनी दिलेल्या श्रेण्या पाहिल्या. श्रेण्यांतल्या फरकापैकी निम्म्याहून अधिक भाग श्रेणी देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयींमुळे होता. म्हणजे शेरा वाचून शेरा लिहिणाऱ्याबद्दल जितके कळते तितके ज्याच्यावर लिहिला त्याच्याबद्दल कळत नाही. गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्या डेमिंगने तर १९८६ मध्येच वार्षिक मूल्यमापनाला पाश्चात्त्य व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत गणले, कारण दोष यंत्रणेचा असतो आणि शिक्षा माणसाला होते. ३६० अंशांचा अभिप्राय, कॅप्लन आणि नॉर्टन यांचे १९९२ चे बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, असे इतरही प्रवाह आले. त्यांची चर्चा पुस्तकात योग्य ठिकाणी आहे.

बेल कर्व्हबद्दल मात्र इथेच बोलले पाहिजे, कारण कनिष्ठ व्यवस्थापकाच्या तोंडी सर्वांत जास्त येणारा शब्द तोच आहे. जॅक वेल्चच्या काळात जनरल इलेक्ट्रिकने वरचे वीस, मधले सत्तर आणि तळाचे दहा टक्के अशी विभागणी केली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. मोठ्या, सरसकट घेतलेल्या समूहात गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची येऊ शकते, हे खरे. पण परीक्षा, मुलाखती आणि प्रोबेशन यांच्या चाळणीतून आलेल्या आठ जणांचा विभाग असा समूह नसतो. आठाचे दहा टक्के म्हणजे एक माणूससुद्धा भरत नाही, तरी तळासाठी एक नाव द्यावे लागते आणि दहाचे साडेबारा टक्के होतात. ते नाव कोणाचे द्यायचे, हे कामावरून ठरत नाही. जो नवा आहे, ज्याला गेल्या वर्षी बढती मिळाली आहे, जो बदली होऊन नुकताच आला आहे, ज्याच्या वतीने नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे श्रेण्या ठरलेल्या टक्केवारीत बसवण्याच्या, बैठकीत बोलायला वजनदार साहेब नाही, त्याच्या वाट्याला ते येते. त्याचा थेट वरिष्ठ मग त्याला सांगतो, ‘मी तुला चार दिले होते, वर तीन झाले.’ का झाले, हे त्या वरिष्ठालाही माहीत नसते. ज्या निर्णयाचे कारण सांगायला समोर कोणीच नसते, असा निर्णय माणसाला काही शिकवत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत सोडली. पुढे जनरल इलेक्ट्रिकनेही जुनी चौकट मोडली.

कनिष्ठ व्यवस्थापकाच्या कामाचे स्वरूपही मोजणाऱ्याला चकवणारे आहे. त्याच्या केआरएमध्ये उत्पादन, रिजेक्शन, डाउनटाइम असे आकडे असतात, पण सुट्या भागांची खरेदी त्याच्या अधिकारात नसते, पुरवठादार त्याने निवडलेला नसतो, माणसे किती द्यायची हे त्याने ठरवलेले नसते. आकडा मात्र त्याच्या नावावर पडतो. उलट त्याचे सर्वांत चांगले काम पुष्कळदा घडून न आलेल्या गोष्टींत असते: न झालेला अपघात, न बिघडलेले वातावरण, वेळीच सांभाळून घेतलेला नवा ऑपरेटर. सुरक्षिततेचे उदाहरण घ्या. थोडक्यात टळलेल्या अपघातांची संख्या कमी असणे हे चांगल्या कामाचे लक्षण मानले, की अशा घटनांची नोंद होणेच थांबते. आकडा सुधारतो, धोका वाढतो, आणि प्रामाणिकपणे नोंद करणारा इन्चार्ज मागे पडतो.

अशी आणखी एक जागा आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे मूल्यमापनाच्या वर्षाचा बरोबर अर्धा भाग. कायद्याने रजा दिली. त्या वर्षाची श्रेणी कशी ठरवायची, हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर राहिले. काही ठिकाणी केलेल्या कामापुरते मूल्यमापन होते, काही ठिकाणी गेल्या वर्षीची श्रेणी धरतात, आणि काही ठिकाणी तळाच्या नावाची अडचण सोडवायला ही रजा सोयीची पडते. पद्धत तपासायची असेल तर रजेवरून परतलेल्या कनिष्ठ व्यवस्थापक स्त्रियांच्या श्रेण्या एकत्र मांडून पाहाव्यात. एका दुपारचे काम आहे.

मग पद्धत तपासायची कशी? शास्त्राने जुनी परिमाणे दिली आहेत: ती विश्वासार्ह आहे का, जे मोजायचे तेच मोजते का, कामातला खरा फरक दाखवते का, वापरायला झेपते का. ती सोडून चालणार नाही. पण १९९२ मध्ये फोल्गर, कोनोव्स्की आणि क्रोपान्झानो यांनी त्यांत वेगळी भर घातली. मूल्यमापनाला प्रयोगशाळेचे नियम लावण्याऐवजी न्यायाच्या प्रक्रियेचे नियम लावून पाहा, असे त्यांनी म्हटले. अपेक्षा काय आहेत हे आधी सांगितले होते का? बोलण्याची खरी संधी मिळाली का? निर्णय पुराव्यावर झाला का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेसाठी स्वतंत्रपणे जे सांगितले, त्याच्या हे किती जवळचे आहे ते वाचकाच्या लक्षात येईलच.

या तीन प्रश्नांना मी कंपनीच्या स्वतःच्या दप्तरातून मिळणाऱ्या काही उत्तरांची जोड देतो. प्रत्येक वरिष्ठाने दिलेल्या श्रेण्यांची सरासरी काढा. दोन विभागांत मोठी तफावत असेल तर ती कामातली आहे की देणाऱ्याच्या हातातली, हे शोधा. नॉर्मलायझेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या श्रेण्या शेजारी ठेवा आणि कोणाच्या घसरल्या ते पाहा. सर्वोच्च श्रेणीवर बढती मिळालेली माणसे नव्या जागी दोन वर्षांनी कशी आहेत, ते बघा. वर्षाच्या मध्यावर ज्यांचे साहेब बदलले, त्यांचा अहवाल कोणी लिहिला? तक्रारी किती आल्या आणि किती शेरे बदलले? तक्रार एकही नाही, याचा अर्थ समाधान असा घेऊ नये. अनेकदा तो भीतीचा असतो. आणि शेवटी, मूल्यमापनाच्या बैठकीला महिना झाल्यावर त्या कनिष्ठ व्यवस्थापकाला विचारा की यापुढे तू कोणती एक गोष्ट वेगळी करणार आहेस. उत्तर फॉर्म न पाहता देता आले, तर पद्धतीने काहीतरी काम केले. अभिप्राय दिला म्हणजे फायदा झालाच, असे धरता येत नाही. क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम सुधारण्याऐवजी खालावले होते.

आताच हे पुस्तक का? २०१२ पासून पद्धती झपाट्याने बदलल्या. अडोबीने २०१२ मध्ये वार्षिक श्रेण्या काढून टाकून वर्षभरातल्या छोट्या संवादांवर भर दिला. डेलॉइटने २०१५ मध्ये हिशेब मांडला की मूल्यमापनाच्या सोपस्कारांत वर्षाकाठी सुमारे २० लाख तास जातात, आणि आपली पद्धत नव्याने बांधली. भारतातल्या मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतही बेल कर्व्ह सोडण्याचे निर्णय झाले. हे चांगलेच आहे. पण श्रेणी गेली म्हणून निवाडा जात नाही. पगारवाढीची रक्कम वाटायचीच असते, आणि श्रेणी लिहिलेली नसेल तर ती वरिष्ठाच्या मनात राहते, जिथे तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. दुसरीकडे लॉगिनची वेळ, बंद केलेली तिकिटे, उत्तराला लागलेली मिनिटे हे सगळे आपोआप मोजणारी सॉफ्टवेअर आली आहेत. तिथे शेरा लिहिणारा माणूसच दिसत नाही. गोपनीय अहवालाची दारे न्यायालयात जाऊन उघडावी लागली. ती या नव्या यंत्रणांत पुन्हा बंद होऊ नयेत, ही माझी खरी काळजी आहे.

आणि मराठीत का? चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरीच्या कारखान्यांतला कनिष्ठ व्यवस्थापक पुष्कळदा तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन, तालुक्याच्या गावातून आलेला असतो. त्याचे दिवसभराचे काम मराठीत आणि हिंदीत चालते. स्वमूल्यमापनाचा फॉर्म मात्र इंग्रजीत असतो, आणि वर्षभर केलेले काम त्याला दोनशे शब्दांच्या चौकटीत परक्या भाषेत मांडावे लागते. ज्याला ते सफाईने जमते तो कामातही सरस दिसतो. थॉर्नडाइकचा ठसा इथे भाषेच्या रूपाने उमटतो. फॉर्म मराठीत भरू दिला, निदान स्वमूल्यमापनाचा भाग बोलून सांगू दिला, तर काय बदलते, याचा विचार कंपन्यांनी करावा, असे एक प्रकरण या पुस्तकात आहे, आणि ते लिहिताना माझा आग्रह लपलेला नाही.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांच्यावर शेरे लिहिले जातात त्यांच्यासाठी पहिला भाग आहे: वर्षभर कोणत्या नोंदी ठेवाव्यात, उद्दिष्टे ठरताना काय विचारावे, न पटलेल्या श्रेणीबद्दल लेखी आणि शांतपणे कसे बोलावे. शेरे लिहिणाऱ्यांसाठीचा भाग सर्वांत मोठा आहे, कारण बहुतेकांना हे काम कोणी कधी शिकवलेलेच नसते. आणि त्यांच्यातले अनेक जण स्वतः कालपरवापर्यंत कनिष्ठच होते. एचआर विभागासाठी पद्धत तपासण्याची कार्यपद्धती दिली आहे, लहान कंपनीलाही सल्लागार न नेमता वापरता येईल अशी. आदर्श फॉर्म यात कुठेही सापडणार नाही. पगारवाढ किती टक्के असावी, हेही हे पुस्तक सांगत नाही, कारण तो प्रश्न मूल्यमापनाचा नाही.

शेवटच्या भागात कोऱ्या तक्त्यांचा एक संच आहे. मागच्या तीन वर्षांच्या श्रेण्या, देणारा, घेणारा, नॉर्मलायझेशनच्या आधीचा आणि नंतरचा आकडा, आणि बदलाचे कारण असे त्यात रकाने आहेत. माझी विनंती आहे की बाकीचे पुस्तक वाचण्याआधी हे तक्ते आपल्या कंपनीच्या आकड्यांनी भरून पाहावेत, नावे काढून टाकून, आणि कारणाचा रकाना जिथे रिकामा राहील ती ओळ अधोरेखित करावी. त्या ओळींची संख्या हातात घेऊन पहिल्या प्रकरणाकडे या.